अंगणातले बटेर : घर, खाणं आणि पाणी (हा संदेश सेव्ह करून ठेवा)



आजचा सल्ला पिकाचा नाही. आपल्या बऱ्याच सभासदांनी घरी हौसेने, मुलांसाठी किंवा घरच्या अंड्यांसाठी १०-२० बटेर पाळले आहेत. काही गावांत याला लाव्ही म्हणतात. त्यांच्यासाठी हा संदेश आहे. मोठा आहे, सावकाश वाचा. घरात पक्ष्यांचं ज्या कोणी बघतं, त्यांनाही वाचून दाखवा.

*आधी आमची एक चूक*

मागच्या एका संदेशात आम्ही लिहिलं होतं, "बटेरासाठी जाळीचा पिंजरा करावा." कोणती जाळी, ते लिहिलं नव्हतं. एका सभासद ताईंनी दुकानातून कोंबडीची षट्कोनी जाळी आणली, चांगला पिंजरा केला, अंगणात ठेवला. १४ पक्षी होते. मुलीने प्रत्येकाला नाव दिलं होतं. महिन्याभराने सकाळी ताईंचा फोन आला. पिंजऱ्याचं दार बंद, कडी लागलेली, आणि ११ पक्षी मेलेले. काहींची मान नाही, काहींचा पंख नाही. मांजराने बाहेरूनच पंजा घालून ओढले होते.

ताई म्हणाल्या, "मी तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलं होतं."

खरं आहे. म्हणून या वेळी मोघम न लिहिता माप, वजन, कारण सगळं लिहितो.

*१) बटेर म्हणजे छोटी कोंबडी नव्हे*

आपण पाळतो तो जपानी बटेर. हा पक्षी १९७४ साली भारतात आणला गेला. पुढे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्याच्यावर बरंच काम झालं. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं वजन साधारण १५० ते २०० ग्रॅम, मादी नरापेक्षा थोडी जड. अंडं १० ते १२ ग्रॅमचं. सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते.

कोंबडीचा अनुभव असलेला माणूस बटेरात चुकतो तो या चार गोष्टींमुळे :

▪️ कोंबडी संध्याकाळी आपोआप खुराड्यात येते. बटेर येत नाही. एकदा उडाला की गेला. म्हणून मोकळा सोडायचा नाही, डालग्याखालीही भरवशावर ठेवायचा नाही.

▪️ कोंबडी रात्री उंच दांडीवर बसते. बटेर जमिनीवरच झोपतो, तोही बहुतेक वेळा जाळीच्या कडेला टेकून. मांजराचा पंजा नेमका तिथेच पोहोचतो.

▪️ घाबरला की बटेर पळत नाही, सरळ वर उसळतो. छत कडक असेल तर डोकं फुटतं.

▪️ देशी कोंबडी अंड्यांवर बसते. जपानी बटेराची मादी सहसा बसत नाही. अंडी ती कुठेही टाकते, बहुतेक दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत. पिल्लं हवी असतील तर उबवणी यंत्र लागतं, त्यात १७-१८ दिवसांत पिल्लू निघतं.

⚠️ *रानातले लावे किंवा तित्तर पकडून पाळू नका.* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. पक्षी हॅचरीतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.

*२) घर : जागा आणि माप*

आपण १२ पक्ष्यांचा हिशोब धरू. तुमच्याकडे कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदला.

*जागा.* व्यापारी पिंजऱ्यात बटेर फार दाटीने ठेवतात. आपल्याला तसं करायचं नाही. एका पक्ष्याला १ चौरस फूट धरा. म्हणजे १२ पक्ष्यांना ४ फूट लांब आणि ३ फूट रुंद पिंजरा. दाटी झाली की एकमेकांची पिसं उपटणं, डोक्यावर चोची मारणं सुरू होतं.

*उंची.* दोनच उंची चालतात. एक तर आतून १० ते १२ इंच, म्हणजे उसळला तरी जोर धरत नाही. नाही तर सरळ ६ फूट, माणूस आत उभा राहील अशी खोली, आणि वर छताखाली सैल नायलॉन जाळी. मधली २-३ फुटांची उंची सगळ्यात वाईट. पक्षी वेग घेतो आणि पत्र्यावर आदळतो.

*जमिनीपासून उंची.* पिंजरा अडीच-तीन फुटांच्या पायांवर ठेवा. कांदाचाळ आपण जमिनीपासून उचलून घेतो ती खालून हवा खेळावी म्हणून. इथेही तोच फायदा, शिवाय ओल आणि घुशी लांब राहतात. पायाखाली जुने डबे ठेवून त्यात पाणी आणि थोडं जळकं तेल टाका, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पिल्लांना मुंग्या लागल्या तर पिल्लं जगत नाहीत.

*जाळी.* सगळ्यात महत्त्वाचं. *अर्धा इंची वेल्डमेश जाळी.* षट्कोनी कोंबडी जाळी नको, शेडनेट नको, मच्छरदाणीची जाळी नको. तपासायची सोपी पद्धत : भोकात अंगठा घालून बघा. अंगठा जात असेल तर ती जाळी बटेरासाठी नाही.

जाळी नुसत्या चुका मारून बसवू नका. मांजर आणि मुंगूस हिसका देऊन चुका उपटतात. जाळीवर लाकडी किंवा लोखंडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. दाराला दोन कड्या ठेवा, एक वर, एक खाली. एकच कडी असेल तर दाराचा खालचा कोपरा वाकतो आणि फट पडते.

*अर्धी बाजू बंद.* चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा दिसायला छान, पण पक्ष्याला लपायला जागाच नाही. पाठ आणि एक बाजू प्लायवूडने किंवा फळीने बंद करा. पावसाचा आणि उन्हाचा मारा ज्या दिशेने येतो, बहुतेक ठिकाणी पश्चिम आणि नैऋत्य, ती बाजू बंद हवी. पूर्वेची बाजू उघडी ठेवा, सकाळचं कोवळं ऊन आत यायला हवं.

*रात्रीचा पडदा.* उघड्या बाजूला जाळीपासून ४-५ इंच बाहेर दुसरी जाळी लावली तर उत्तम. ते जमत नसेल तर रात्री फळीचं झाकण किंवा जाड बारदान लावा, फक्त वरच्या बाजूला हवेसाठी ३-४ इंच मोकळं ठेवा. पंजा जाळीपर्यंत पोहोचलाच नाही पाहिजे.

*तळ.* घरच्या हौशी पक्ष्याला जाळीचा तळ नको, पायाला जखमा होतात. फळीचा तळ करा आणि त्यावर २ इंच भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. बारीक धूळ असलेला भुसा नको, श्वासाला त्रास होतो. ओला झालेला भुसा त्याच दिवशी काढा. बाकीचा आठवड्यातून एकदा हलवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण बदला. तो वाया जात नाही, कुजवून खत म्हणून वापरा. ताजा घालू नका, रोपं जळतात.

*धूळ-अंघोळ.* एका घमेल्यात किंवा उथळ टोपलीत कोरडी बारीक वाळू आणि चुलीची चाळलेली राख अर्धी-अर्धी भरा. बटेर त्यात लोळतात. पिसवा आणि उवा त्यामुळे कमी राहतात. प्लास्टिक जळलेल्या चुलीची राख नको.

*नर-मादी.* तीन आठवड्यांनंतर छातीवरून ओळखता येतं. नराची छाती विटकरी, ठिपके नाहीत. मादीची छाती फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. पिल्लं काढायची असतील तर २-३ माद्यांमागे १ नर. म्हणजे १२ पक्ष्यांत ३ नर, ९ माद्या. नर जास्त झाले की भांडतात, एकमेकांचं डोकं सोलतात. फक्त खायला अंडी हवी असतील तर नर ठेवायची गरज नाही. मादी नराशिवायही अंडी देते.

*३) खाणं*

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. "कोंबडीचं खाद्य टाकतो" असं बरेच जण सांगतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिनं साधारण १६ ते १८ टक्के असतात. बटेराला ती कमी पडतात. त्याची गरज अशी :

▪️ पहिले ३ आठवडे : सुमारे २७ टक्के प्रथिनं
▪️ चौथा-पाचवा आठवडा : सुमारे २४ टक्के
▪️ अंड्यावरची मादी : २० ते २२ टक्के, आणि कॅल्शियम २.५ ते ३ टक्के

बटेराचं खास खाद्य मिळालं तर तेच घ्या. मिळत नसेल तर पिल्लांना ब्रॉयलर प्री-स्टार्टर हे त्यातल्या त्यात जवळचं. तेही मिक्सरमधून फिरवून बारीक रव्यासारखं करून द्या. पिल्लू ७-८ ग्रॅमचं असतं, मोठा दाणा त्याच्या घशात अडकतो.

*लेयर खाद्य पिल्लांना कधीच देऊ नका.* त्यात कॅल्शियम जास्त असतं, अंडं न देणाऱ्या पक्ष्याचं मूत्रपिंड त्याने खराब होतं. अंडी सुरू झाली की मग कॅल्शियम वाढवायचं.

*घरी खाद्य करायचं असेल तर* (फक्त अंड्यावरच्या माद्यांसाठी, १० किलोचं माप) :

▪️ मका भरडा : ५ किलो १०० ग्रॅम
▪️ सोयापेंड : ४ किलो
▪️ शिंपल्याची भुकटी : ६०० ग्रॅम
▪️ डीसीपी : १५० ग्रॅम
▪️ पोल्ट्रीचं मिनरल-व्हिटॅमिन मिश्रण : साधारण १०० ग्रॅम (पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा)
▪️ मीठ : ३० ग्रॅम
▪️ मेथिओनिन : १५ ग्रॅम

हिशोब असा : मक्यात साधारण ९ टक्के प्रथिनं, सोयापेंडीत साधारण ४५ टक्के. ५.१ किलो मक्यातून सुमारे ४६० ग्रॅम आणि ४ किलो पेंडीतून १८०० ग्रॅम. मिळून २२६० ग्रॅम, म्हणजे १० किलोत साडेबावीस टक्क्यांच्या आसपास. मक्याऐवजी निम्मी ज्वारी किंवा बाजरी भरडून चालेल. पेंड कमी करू नका, अंडी तिथेच थांबतात.

मीठ, डीसीपी, मेथिओनिन आधी किलोभर मक्यात नीट मिसळा, मग ते सगळ्यात मिसळा. फवारणीचं औषध आपण आधी थोड्या पाण्यात कालवतो आणि मग टाकीत ओततो, तसंच. एकदम टाकलं तर एका पक्ष्याच्या वाट्याला मीठच मीठ येतं.

*किती लागतं?* मोठा पक्षी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास खातो. १२ पक्ष्यांना ३०० ग्रॅम, महिन्याला ९ किलो. म्हणजे वरचं १० किलोचं माप महिनाभर पुरतं. त्याहून जास्त एकदम करून ठेवू नका.

*हे देऊ नका :*

❌ *कच्चं सोयाबीन दळून.* घरचं सोयाबीन आहे म्हणून मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. कारखान्यातून प्रक्रिया होऊन आलेली पेंडच वापरा.

❌ *सरकी पेंड.* गाई-म्हशींना चालते, पक्ष्यांना नाही. तिच्यातला गॉसिपॉल हा घटक पक्ष्यांना घातक आहे.

❌ *जनावरांची कांडी.* काही कांडीत युरिया असतो. गाय तो पचवते, पक्षी नाही.

❌ *बीजप्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं.* लाल, गुलाबी, निळ्या रंगाचा मका किंवा ज्वारी धुऊनही देऊ नका. ते विषच आहे.

❌ *बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड.* उन्हात वाळवली तरी बुरशीचं विष जात नाही. यकृत खराब होतं, पक्षी हळूहळू सुकतात. "थोडीच बुरशी आहे" असं म्हणून टाकू नका.

❌ खारवलेली सुकट, फरसाण, चहात बुडवलेली बिस्किटं. पाहुणे आणि लहान मुलं प्रेमाने टाकतात, त्यांना समजावून सांगा.

*हे वरकड म्हणून चालतं :* कोथिंबीर, मेथी, पालक, लसूणघास, अझोला. बारीक चिरून, मूठभर, तेही मुख्य खाद्य खाऊन झाल्यावर. हिरवा चारा देत असाल तर वाटीभर बारीक वाळू बाजूला ठेवा, पक्ष्याला दात नाहीत, ती वाळू पोटात दळायचं काम करते. *फवारणी केलेल्या शेतातला किंवा बांधावरचा पाला आणू नका.* शेजाऱ्याने फवारलं असेल ते आपल्याला कळत नाही, म्हणून परसातलंच द्या.

खाद्याचं भांडं लांबट पन्हळीसारखं, कडा आत वळलेल्या. सपाट ताटलीत बटेर उभा राहून पायाने निम्मं उडवतो. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. बारीक साप आणि उंदराचं पिल्लू अर्ध्या इंचाच्या जाळीतूनही आत शिरू शकतं. म्हणून सांडलेलं खाद्य रोज संध्याकाळी झाडून घ्या, आणि रात्री खाद्याचं भांडं बाहेर काढलं तरी हरकत नाही. अंधारात बटेर तसेही खात नाहीत.

*४) पाणी*

पक्षी खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. म्हणजे एका पक्ष्याला ५०-६० मिली, १२ पक्ष्यांना पाऊण लिटर. कडक उन्हात त्याच्या दुप्पटही लागतं. आपण मात्र दोन लिटर ठेवायचं आणि ते *दोन वेगळ्या भांड्यांत.* एक भांडं कलंडलं तर दुसरं असतं. उन्हाळ्यात दुपारभर पाणी नसेल तर संध्याकाळपर्यंत पक्षी हातचे जाऊ शकतात.

▪️ *पिल्लांसाठी :* पहिल्या आठवड्यात पाण्याच्या ताटलीत पिल्लू बुडून मरतं. पाणी अर्धा इंच खोल असलं तरी. ताटलीत स्वच्छ खडे किंवा मुलांच्या गोट्या भरा, चोच जाईल एवढंच पाणी दिसलं पाहिजे.

▪️ *मोठ्यांसाठी :* उलटा डबा असलेलं पाण्याचं भांडं चालतं. ते विटेवर ठेवा, काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला यावा. खाली ठेवलं की भुसा आणि विष्ठा आत जाते.

▪️ *निपल लावलं असेल तर :* रोज प्रत्येक निपल बोटाने दाबून थेंब येतो का ते बघा. क्षारांनी निपल बंद पडतं, टाकी भरलेली दिसते आणि पक्षी तहानलेले राहतात.

▪️ भांडं सावलीत ठेवा. तापलेलं पाणी पक्षी पीत नाही.

▪️ रोज सकाळी भांडं घासा. नुसतं वरून पाणी टाकत राहिलं की आतून बुळबुळीत थर बसतो, रोग तिथूनच सुरू होतात.

▪️ आपण पितो तेच पाणी द्या. शेततळ्याचं किंवा पाटाचं पाणी नको, तिथे रानपक्षी उतरतात. विहिरीचं पाणी पावसाळ्यात उकळून गार करून द्या.

*५) पिल्लं बाहेर कधी काढायची?*

विकत आणलेलं पिल्लू थेट अंगणातल्या पिंजऱ्यात टाकू नका. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब लागते. मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. पूर्ण पिसं आली, साधारण ४-५ आठवडे झाले, की बाहेर.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी आहे. बल्बपासून लांब, चोच उघडून बसली तर गरम होतंय. सगळीकडे पसरून खात-पीत असली तर बरोबर आहे. खोक्यात पहिले काही दिवस वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. खरखरीत कापड किंवा गोणपाट अंथरा.

*६) ऋतूप्रमाणे*

☀️ *उन्हाळा.* ३५ अंशांच्या वर बटेर चोच उघडून धापा टाकतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर पारा ४२-४५ ला जातो. पिंजरा झाडाच्या सावलीत हलवा. पत्र्यावर पाचट, तुराट्या किंवा पळाट्यांचा जाड थर टाका. पत्र्याला पांढरा चुना मारला तरी फरक पडतो. दुपारी उघड्या बाजूला ओलं बारदान लावा, पण हवा चालू राहील असं. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. पक्षी फार धापा टाकत असतील तर एक लिटर पाण्यात चमचाभर गूळ आणि चिमूटभर मीठ घालून द्या. ते पाणी ४-५ तासांत ओतून टाका, आंबतं.

🌧️ *पावसाळा.* छताचा पुढे आलेला भाग अडीच-तीन फूट हवा, नाही तर झड आत येते. ओल्या भुशातून डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तुमच्या डोळ्यांना झोंबला तर पक्ष्याला त्याआधीच त्रास सुरू झालेला असतो. ओल्या तळातच रक्ती हगवण पसरते. कोकण आणि घाटमाथ्यावर तीन-चार पोती कोरडा तूस आधीच भरून ठेवा, भर पावसात मिळत नाही.

❄️ *हिवाळा.* दिवस ११ तासांवर येतो आणि अंडी कमी होतात. पक्षी आजारी नाही. अंड्याला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे ३-४ तास लहान एलईडी दिवा लावला की अंडी परत सुरू होतात. वाढ हळूहळू करा, आठवड्याला अर्धा-एक तास. हौसेचे पक्षी असतील तर दिवा न लावता त्यांना विश्रांती दिली तरी चालेल.

🎆 *दिवाळी.* फटाक्याच्या आवाजाने बटेर रात्रभर उसळतात. त्या चार दिवसांत पिंजरा घराच्या मागच्या बाजूला न्या आणि जाड कापड टाका.

*७) आजाराची खूण*

रोज सकाळी पाणी बदलताना एक मिनिट नुसते बघत उभे राहा. पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेला, डोळे मिटलेला, पातळ पांढरट किंवा रक्ताची विष्ठा, मान वाकडी, यातलं काही दिसलं तर तो पक्षी लगेच वेगळ्या खोक्यात ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. उरलेलं अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नका.

*कोंबड्या आणि बटेर एका ठिकाणी ठेवू नका.* मानमोडीसारखे रोग एकमेकांना जातात. कोंबड्यांचं काम करून आलात तर हात-पाय धुऊन मग बटेराकडे जा.

एकदम तीन-चार पक्षी मेले तर शवाला हात न लावता, कुणाला विकून किंवा वाटून न टाकता, पशुसंवर्धन विभागाला कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. कळवल्याने आपलंच नाही, शेजाऱ्याचंही नुकसान टळतं.

*८) रोजचं वेळापत्रक (हे पिंजऱ्याला चिकटवा)*

सकाळी : पडदा काढा, भांडं घासून पाणी भरा, खाद्य द्या, एक मिनिट निरीक्षण.
दुपारी : पाणी आहे का बघा, सावली सरकली का बघा.
संध्याकाळी : अंडी गोळा करा, सांडलेलं खाद्य झाडा, पक्षी मोजा.
रात्री : दोन्ही कड्या, पडदा. जाळीवरून एकदा टॉर्च फिरवा.

दर रविवारी : प्रत्येक कोपऱ्यात जाळी हाताने ओढून बघा. ढिली असेल तर सोमवारवर ढकलू नका.

*सभासदांनी विचारलेले प्रश्न*

*"एकच पक्षी ठेवला तर?"* नको. बटेर कळपात राहणारा आहे. एकटा सतत ओरडतो, खाणं सोडतो. निदान तीन ठेवा.

*"मुलांना हातात द्यायचा का?"* द्या, पण जमिनीवर बसून. दोन्ही तळहातांत, पंख झाकून. उभ्याने धरला आणि उसळला तर वरून पडतो. नंतर साबणाने हात धुवायला लावा.

*"कवच पातळ येतंय."* शिंपल्याची भुकटी वेगळ्या वाटीत ठेवा, मादी गरजेप्रमाणे खाते. तरी फरक पडला नाही तर खाद्य बदलून बघा, जुनं झालेलं असू शकतं.

*शेवटी*

ज्या ताईंचं सुरुवातीला लिहिलं, त्यांच्याकडे तीन पक्षी उरले होते. त्यांनी पिंजरा मोडला नाही. षट्कोनी जाळी काढून अर्धा इंची वेल्डमेश लावली, बाहेरून दुसरी जाळी लावली, दोन कड्या केल्या. मुलीने आणखी पक्षी आणायला अजून होकार दिलेला नाही. ती म्हणते, आधी पावसाळा जाऊ दे, जाळी टिकते का बघू. आम्हाला तिचं म्हणणं पटलं.

तुमच्याकडे बटेर असतील तर आज अंधार पडायच्या आत एवढंच करा : पिंजऱ्याजवळ जा आणि जाळीच्या भोकात अंगठा घालून बघा. गेला, तर आजच्या रात्री पक्षी घरात, खोक्यात, झाकून ठेवा आणि उद्या जाळी बदला. कोणती जाळी घ्यायची ते नक्की होत नसेल तर फोटो काढून, शेजारी एक नाणं ठेवून, आम्हाला पाठवा. बघून सांगतो.

हा संदेश ज्यांच्याकडे बटेर आहेत त्या शेजाऱ्यांनाही पाठवा, सभासद नसले तरी.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
सल्ला विभाग 🙏